मार्च, सामान आणि सस्पेन्स

मार्च महिन्यात अकाउंट्सवाल्याच्या घरी लग्न काढू नये, बारसं काढू नये आणि शक्यतो आजारीही पडू नये. गेल्या वर्षी आमच्या सोसायटीनं नेमकी मार्चमध्येच घर रिकामं करायची तारीख काढली. म्हणजे काढली बिल्डरनं, पत्र आलं सोसायटीच्या लेटरहेडवर: 31 मार्चपर्यंत सदनिका रिकाम्या करून चाव्या कार्यालयात जमा कराव्यात.

मुलुंड पूर्वेला आमची तळमजला अधिक तीन मजल्यांची जुनी इमारत. रिडेव्हलपमेंटचं बोलणं इतकी वर्षं चाललं होतं की त्याचं कोणाला काही वाटेनासं झालं होतं. फीजिबिलिटी रिपोर्ट, पीएमसीची, म्हणजे प्रकल्पावर देखरेख करणाऱ्या सल्लागाराची, नेमणूक, टेंडरं, 51 टक्क्यांची संमती, निबंधकांच्या अधिकाऱ्यासमोर घेतलेली सहकार कायद्याच्या कलम 79(अ)ची सभा, त्या सभेतली भांडणं, भांडणानंतरचे सामोसे. खरंच एक दिवस कपाटं उचलायची आहेत यावर माझा विश्वास पत्र हातात येईपर्यंत बसला नव्हता.

त्याच काळात आमच्या मुलीची, मुक्ताची, बारावी. फेब्रुवारी-मार्च म्हणजे बोर्डाची परीक्षा ऐन रंगात. आईच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू, डॉक्टर म्हणाले होते, ‘मार्चमध्ये करून टाकू.’ माझी बायको सुजाता महापालिकेच्या रुग्णालयात स्टाफ नर्स, तिच्या ड्युट्या फिरत्या. आणि मी प्रिन्सेस स्ट्रीटच्या दवाबाजारात एका होलसेलरकडे अकाउंट्स सांभाळतो. तिथे मार्चमध्ये काय असतं ते बाहेरच्याला सांगून कळत नाही. एक्सपायरी मालाचे परतावे, कंपन्यांकडून अडकलेल्या क्रेडिट नोटा (परत केलेल्या मालाची रक्कम आपल्या खात्यात वळती करणारे कागद), स्टॉक मोजणी, लघुउद्योगांची 45 दिवसांवर जाऊ द्यायची नाहीत अशी देणी, आणि शेठचे फोन.

झोप लागायची, पण पहाटे साडेतीनला उघडायची. उघडली की गॅसचं कनेक्शन, दिवाणाचे स्क्रू, नाशिकच्या पार्टीची क्रेडिट नोट, आईच्या डोळ्यांचे ड्रॉप, मुक्ताचं हॉलतिकीट, नव्या घराचं डिपॉझिट, माळ्यावरची बाबांची ट्रंक, सगळं एकामागून एक यायचं. त्या वेळेला त्यांच्यात लहान-मोठं काही नसायचं. दीड लाखाचं डिपॉझिट आणि दिवाणाचा स्क्रू सारख्याच आवाजात बोलायचे. उठून काही करावं तर त्या वेळी करण्यासारखं एकही काम नसायचं, आणि पडून राहावं तर छातीवर कोणीतरी बसल्यासारखं.

याहून विचित्र प्रकार संध्याकाळचा. दिवसभर मनात घोकायचो की आज घरी गेल्यावर भाड्याच्या घराचे तीन फोन करायचेच. घरी आलो की हमखास बिनकामाचं काम काढायचो. एकदा जुन्या वायरी, बंद पडलेल्या मोबाइलचे चार्जर, टेपरेकॉर्डरचा ॲडॅप्टर असं सगळं काढून एकेक गुंडाळून त्याला रबर लावत बसलो. फार समाधान वाटत होतं. सुजाता दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, “अहो, त्या फेकायच्या आहेत ना?”

सल्ल्यांची कमतरता नव्हती. पहाटे उठून कामं करा, असं एकानं सांगितलं. मी उठतच होतो. ऑफिसातल्या एका तरुण सहकाऱ्यानं फोनवर एक ॲप घालून दिलं. त्यात प्रत्येक कामाला रंग, तारीख आणि टक्केवारी. मी दिवसभर पोटासाठी एंट्र्याच मारतो, घरी येऊन त्याच मारायच्या म्हटल्यावर दोन दिवसांत ते बंद पडलं. तातडीचं आणि महत्त्वाचं अशा चार चौकोनांत कामं वाटायची पद्धतही करून पाहिली. ज्याचं आयुष्य निवांत आहे त्याला ती चांगली असावी. माझी सगळी कामं एकाच चौकोनात जाऊन बसली आणि उरलेले तीन रिकामे राहिले.

सुचलं ते ऑफिसात, सस्पेन्सचं पान उघडून बसलो होतो तेव्हा.

हिशेबाशी संबंध नसणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. समजा बँकेत 18,400 रुपये जमा झालेत, पण कोणी भरले ते कळत नाही. पैसे तर आलेत, एंट्री करावी लागणार, पण कोणाच्या खात्यावर? अशी रक्कम तात्पुरती सस्पेन्स खात्यात टाकतात. वर्षभर त्यात असं काहीबाही साचतं आणि मार्चअखेर ते शून्यावर आणायचं असतं. ऑडिटर आला की आधी तेच पान उघडतो. इतकी वर्षं हे काम केल्यावर एक गोष्ट मला पक्की ठाऊक आहे. मार्च जड होतो तो बिलांमुळे नाही. बिलं हजारोंनी असली तरी माणूस ती एका लयीत मारत जातो, मध्ये चहाही पितो. दमवतात त्या सस्पेन्समधल्या मूठभर एंट्र्या, कारण त्यातल्या प्रत्येकीसाठी कोणाला तरी विचारावं लागतं, काहीतरी ठरवावं लागतं.

ते पान बघताना वाटलं, माझं पहाटे साडेतीनचं पान हेच आहे.

परतीच्या गाडीत, घाटकोपरला बसायला जागा मिळाल्यावर, स्टॉक स्टेटमेंटच्या एका रद्द प्रिंटआउटच्या पाठीवर तीन रकाने पाडले. देणं, येणं आणि सस्पेन्स. देणं म्हणजे जे मी स्वतः, कोणालाही न विचारता, एका बैठकीत उरकू शकतो ते. येणं म्हणजे ज्यात चेंडू दुसऱ्याच्या हातात आहे: बिल्डरकडून भाड्याचा चेक, सोसायटीकडून कराराची प्रत, सामान हलवणाऱ्याचं कोटेशन. आणि सस्पेन्स म्हणजे ज्याचं अजून काही ठरलेलंच नाही ते. डोक्यात फिरणारं सगळं या तिन्हींत वाटून टाकलं. मुलुंड येईपर्यंत कागद पुरता भरला होता आणि माझ्या डोळ्यांवर विश्वास बसत नव्हता. देण्याचा रकाना सगळ्यात लहान होता. मधला बऱ्यापैकी लांब. आणि सस्पेन्स कागदाच्या तळापर्यंत जाऊन समासात चढला होता.

म्हणजे इतके दिवस ज्याला मी ‘कामं’ म्हणत होतो त्यातली बरीचशी कामं नव्हतीच. ‘घर शोधणे’ असं मी यादीत वरच्या बाजूला लिहून रोज त्याच्याकडे बघत होतो आणि रोज ते होत नव्हतं. होणार कसं? मुक्ताच्या कॉलेजजवळ बघायचं की ताईच्या जवळ डोंबिवलीला स्वस्तात, एक बेडरूम पुरेल की आईसाठी वेगळी खोली हवी, लिफ्ट नसलेली चालेल का, यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. ब्रोकरला फोन केला असता तरी बोललो काय असतो!

मुक्ताचा एक विषय मानसशास्त्र. जेवताना तिला कागद दाखवला तर ती म्हणाली, “बाबा, याला नाव आहे. झायगार्निक इफेक्ट.” ब्लूमा झायगार्निक ही बर्लिनमध्ये शिकणारी संशोधक. हॉटेलातल्या वेटरला बिल व्हायचं बाकी असलेल्या ऑर्डरी पाठ असतात आणि पैसे चुकते झाले की तो त्या विसरतो, या निरीक्षणावरून तिचं काम सुरू झालं असं सांगतात. 1927 मध्ये तिनं प्रयोग प्रसिद्ध केले: मध्येच थांबवलेली कामं लोकांना पुरी झालेल्या कामांपेक्षा जास्त आठवतात. मला ते ऐकून थोडं बरं वाटलं, पण उपयोग काय? अपुरं डोक्यात राहतं हे मला कोणी प्रयोग करून सांगायची गरज नव्हती.

मुक्तानं नंतर स्वतःच शोधून जे सांगितलं ते जास्त कामाचं निघालं. एक तर झायगार्निकचा तो निष्कर्ष पुढे सगळ्यांना सारखा मिळालेला नाही. काहींना मिळाला, काहींना नाही. आणि 2011 मध्ये मासिकॅम्पो आणि बाउमाइस्टर या दोघा मानसशास्त्रज्ञांनी अपुऱ्या उद्दिष्टांवर प्रयोग केले. अपुरं काम माणसाला दुसऱ्या कामात त्रास देतं, हे त्यांनाही दिसलं. पण ते काम पुढे कसं करायचं याची नेमकी योजना करायला लावल्यावर तो त्रास ओसरला. काम झालेलं नव्हतं, फक्त ठरलं होतं. हे ऐकल्यावर माझ्या तिसऱ्या रकान्याकडे बघायची माझी नजर बदलली. तो रकाना संपवायला मला वेळ नको होता, माणसं हवी होती.

रविवारी ताईला बोलावून घेतलं. मेगाब्लॉक असूनही ती डोंबिवलीहून आली, येताना पुरणपोळ्या घेऊन आली. सुजाताची नाईट संपलेली, ती अर्धवट झोपेत. सगळ्यांना टेबलाभोवती बसवलं आणि सस्पेन्सचा रकाना मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. प्रत्येक ओळीला दोनच प्रश्न: हे ठरवणार कोण, आणि कधीपर्यंत?

पहिलाच आईचा मोतीबिंदू. ऑपरेशन कधी, कोण सुट्टी घेणार, नंतर महिनाभर ड्रॉप कोण घालणार, घरात सामान बांधायची धूळ, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही, असं मी सगळं मांडत होतो. आई ऐकत होती. मग म्हणाली, “मला विचारलंस का कुणी? मला काही घाई नाहीये. धुळीत कशाला डोळा कापून घेऊ? नव्या घरी गेल्यावर बघू.”

माझ्या पहाटेच्या यादीतला सगळ्यात मोठा दगड तिनं एका वाक्यात बाजूला केला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, मोतीबिंदू फार पिकलेला नाही, मेमध्ये केलं तरी चालेल, मार्च हे मी सहज म्हटलं होतं.

घराचंही तसंच. कॉलेजजवळ हवं हा माझा हट्ट. मुक्ता म्हणाली, “बाबा, आपण जाणार 31 तारखेला. माझी परीक्षा त्याच्या आधी संपतेय. मग कॉलेजजवळ घर कशाला?” मला उत्तर सुचलं नाही. सुजाता म्हणाली, मुलुंड मात्र सोडायचं नाही, नाईटवरून येताना मला डोंबिवलीची गाडी नको. आई म्हणाली, लिफ्ट हवी. बस, एवढ्यावर घराचं वर्णन तयार झालं: मुलुंड पूर्व, लिफ्ट, एक बेडरूम चालेल, भाडं 40 हजारांच्या आत. आता ‘घर शोधणे’ फोडून ‘दोन ब्रोकरना हे चार मुद्दे मेसेज करणे’ असं देण्याच्या रकान्यात लिहिता आलं. ते त्याच टेबलावर बसून उरकलंही.

अडलं ते बाबांच्या ट्रंकेपाशी. बाबा भांडुपच्या एका कंपनीत फिटर होते. ट्रंकेत त्यांची हत्यारं, जुन्या पगाराच्या चिठ्ठ्या, युनियनच्या पावत्या, कुठल्याशा सहलीचे फोटो. ठेवायचं म्हटलं तर भाड्याच्या घरात जागा नाही, काढायचं म्हटलं तर आईचा चेहरा. अर्धा तास त्यावर गेला आणि कोणी कोणाशी धड बोलेना. शेवटी ताई म्हणाली, “माझ्याकडे दिवाणाखाली ठेव. दिवाळीला तुम्ही सगळे या, तेव्हा उघडून बसू.” सस्पेन्समधली ती एंट्री सुटली नाही, पण तिच्यासमोर तारीख आणि ठिकाण आलं. त्यानंतर ती ट्रंक पहाटे माझ्या उशाशी आली नाही.

येण्याचा रकाना सगळ्यात चिवट. त्यातली कामं आपली नसतात, पण धाकधूक आपलीच असते. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवसाला शेकड्यांनी मेसेज: कोणाचा चेक आला, कोणाचा नाही, कोणाला किती ब्रोकरेज मिळालं, ट्रान्झिट भाड्यावर, म्हणजे नवी इमारत होईपर्यंत बिल्डर देतो त्या भाड्यावर, टॅक्स लागतो का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी एकदा लिहून टाकलं होतं, की एप्रिल 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं असं भाडं करपात्र उत्पन्न नाही असं म्हटलंय. तरी रोज कोणीतरी नव्यानं विचारायचंच. मी ग्रुप म्यूट केला आणि दिवसातून एकदा, रात्री जेवल्यावर बघायचा असं ठरवलं. पाठपुराव्याचे फोन मंगळवारी आणि शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत, तेवढेच. पार्ट्यांच्या उधारीचा पाठपुरावा आम्ही ऑफिसात असाच करतो. रोज फोन केला तर समोरचा उचलणं बंद करतो. घरालाही तोच नियम लावायला मला पन्नाशीला टेकावं लागलं.

देण्याच्या रकान्यातून एका वेळी फक्त तीन ओळी एका चिठ्ठीवर उतरवून खिशात ठेवायचो. चौथी घ्यायची तर आधी एक खोडायची. नेल्सन कोवन या अभ्यासकाच्या 2001च्या मांडणीप्रमाणे माणूस डोक्यात एका वेळी साधारण चारच गोष्टी नीट धरून ठेवू शकतो. आता त्या वर्षीच्या माझ्या डोक्यात एक जागा शेठसाठी कायमची राखीव होती, तेव्हा तीन.

घर मिठागर रोडच्या बाजूला मिळालं, भाडं 38 हजार. लिव्ह ॲण्ड लायसन्सचं, म्हणजे भाडेकराराचं, काम एजंटनं घरी येऊन अंगठे घेऊन केलं. ज्यांना हे पहिल्यांदाच करायचं आहे त्यांच्यासाठी सांगतो: 11 महिन्यांचा करार असला तरी महाराष्ट्रात तो नोंदवावाच लागतो आणि नोंदवायची जबाबदारी कायद्यानं घरमालकाची आहे, खर्च कोणी करायचा ते आपसात ठरतं. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर पाव टक्का, डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के व्याज धरून तेही त्यात मिळवायचं. नोंदणी फी शहरात 1000 रुपये. भाडं महिना 50 हजारांच्या वर असेल तर भाडेकरूला टीडीएस कापावा लागतो, आपल्याला ती भानगड नव्हती. पोलिसांना भाडेकरूची माहिती कळवायची, तेही ऑनलाइन झालं. सगळं मिळून एका संध्याकाळचं काम. माझ्या डोक्यात मात्र ‘ॲग्रीमेंट’ हा शब्द महिनाभर राक्षस होऊन बसला होता.

ऑफिसचं वेगळंच. तिथे रकाने पाडायची गरज नव्हती, तारखा वेगळ्या करायची होती. एक दिवस लवकर पोचलो आणि मार्चमधल्या सगळ्या तारखा कायद्याच्या आणि सवयीच्या अशा दोन बाजूंना लिहिल्या. कायद्याच्या: 7 तारखेला फेब्रुवारीचा टीडीएस, 11 ला जीएसटीआर-1 हे जीएसटीचं विक्रीचं विवरणपत्र, 15 ला ॲडव्हान्स टॅक्सचा शेवटचा हप्ता, 20 ला जीएसटीचंच 3बी विवरणपत्र. 31 ला स्टॉक मोजायलाच हवा, तो दुसऱ्या दिवशी मोजून चालत नाही. आणि सवयीच्या? बाकी सगळं. मार्चमध्ये कापलेला टीडीएस भरायला 30 एप्रिलपर्यंत मुदत असते. टॅक्स ऑडिटचा अहवाल सप्टेंबरअखेर. पार्ट्यांचे खातेउतारे जुळवणं, क्रेडिट नोटांचा पाठलाग, शेठला हवी असलेली ती डिव्हिजनवार नफ्याची शीट, हे सगळं 31 मार्चला व्हायला हवं असं कुठल्याही कायद्यात नाही. ते आमच्याकडे 31 ला होतं, कारण शेठच्या वडिलांच्या वेळेपासून ते 31 ला होतं.

कागद घेऊन शेठकडे गेलो. एरवी मी ‘जमवतो’ म्हणून बाहेर येणारा माणूस. त्या दिवशी म्हटलं, “शेठ, ही वरची सगळी वेळेवर होतील. ही खालची 20 एप्रिलपर्यंत देतो. आणि 28 ते 30 मी नाही, घर हलवायचंय. 31 ला सकाळी स्टॉकला हजर.” त्यांनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढला. “नफा का शीट तो मेरे को चाहिए था.” मी म्हटलं, अंदाजे आकडा देतो, पैशांपर्यंत जुळवलेला नंतर. “अंदाजन चलेगा,” म्हणाले आणि दुसऱ्या फोनला लागले. इतकी वर्षं रात्री नऊपर्यंत बसून पैशांपर्यंत जुळवत होतो ते कोणाला हवं होतं, हा प्रश्न मी तिथे विचारला नाही.

एवढं झाल्यावर मी स्वतःवर जरा खूश होतो आणि तो कागद फ्रिजला लावला होता. सुजातानं तो एकदा नीट वाचला आणि म्हणाली, “यात डबे कुठे आहेत?”

कुठले डबे?

“सकाळचे. मुक्ताचा, तुमचा, माझा. आईंचं बिनमिठाचं. दूध, कपडे, मशीन, बाईंची सुट्टी, आईंच्या गोळ्या संपत आल्यात ते लक्षात ठेवणं. हे कुठल्या रकान्यात येतं?”

कुठल्याच येत नव्हतं. माझी पद्धत संपणाऱ्या कामांची होती आणि तिची कामं संपणारी नव्हतीच. आज केलेला डबा उद्या पुन्हा उघडा पडतो. हिशेबात अशा खर्चाला आवर्ती म्हणतात आणि तो कमी करायचा एकच मार्ग असतो: काही बंद करायचं. त्यावर आमची थोडी वादावादी झाली, कारण मी ‘वाटून घेऊ’ म्हणत होतो आणि ती म्हणत होती, “वाटून दिलं तरी लक्षात मीच ठेवायचं.” तिचं बरोबर होतं. म्हणून कामं वाटली नाहीत, विषय वाटले. आईच्या गोळ्या, तपासण्या, बिनमिठाचं जेवण हा पूर्ण विषय माझा. गोळ्या संपल्या तर बोलणी मला. कपडे मुक्ताकडे, परीक्षेच्या आदल्या दिवसांपुरते माझ्याकडे. पोळ्या एप्रिलपर्यंत कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रातून. इस्त्री बंद. आईला केंद्राच्या पोळ्या आवडल्या नाहीत आणि तिनं ते रोज सांगितलं, पण खाल्ल्या.

हे सगळं केल्यावर ओझं उतरलं असं सांगितलं तर ते खोटं होईल. मार्चच्या मध्यावर एका संध्याकाळी सामानवाल्यानं ठरलेली तारीख बदलली, त्याच दिवशी मुक्ताला ताप आला आणि ऑफिसात सर्व्हर बसला. घरी आलो, कागदासमोर उभा राहिलो आणि एकही ओळ वाचता येईना. हात गार पडले होते. सुजातानं खुर्चीत बसवलं, बीपी मोजलं, ते बरंच चढलेलं होतं. तिनं फ्रिजवरचा कागद काढून कपाटात ठेवला आणि म्हणाली, “आज हे बंद. जेवा, झोपा. उद्या सकाळी डॉक्टर.” आमच्या फॅमिली डॉक्टरांनी तपासलं, गोळी काही दिली नाही. आठवडाभर रोज बीपी मोजून लिहून आणायला सांगितलं, संध्याकाळचा चहा आणि रात्री अंथरुणात मोबाइल बंद. आणखी एक सांगितलं, तेही लिहून ठेवतो. झोप आणि भूक दोन-तीन आठवडे उडालेली राहिली, कशातच जीव लागेना किंवा जगण्याबद्दलच नको ते विचार यायला लागले, तर तो कामाच्या यादीचा प्रश्न राहत नाही. तेव्हा मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं, किंवा निदान 14416 वर फोन करायचा. ही केंद्र सरकारची टेली-मानस सेवा, 2022 पासून चालू आहे, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. माझी झोप त्या आठवड्यात हळूहळू परत आली, म्हणून मला तिकडे जावं लागलं नाही. सुजाताच्या वॉर्डात मात्र ‘फक्त टेन्शन आहे’ म्हणत उशिरा आलेली माणसं असतात.

शिफ्टिंगबद्दल सांगण्यासारखं फार नाही. टेम्पो आला, सामान गेलं, एका कपाटाची काच फुटली. गॅसचं तात्पुरतं डिस्कनेक्शन आणि महावितरणच्या मीटरचं शेवटचं बिल हे दोन्ही येण्याच्या रकान्यात शेवटपर्यंत लोंबकळत राहिले. जुन्या घराची चावी देताना आई खाली रिक्षात बसून होती, वर यायला तयार नव्हती. 31 ला सकाळी मी स्टॉकला होतो.

तो प्रिंटआउट मळून फाटला, आता साधी वही आहे. बिल्डरचा पुढचा चेक ‘येणं’च्या रकान्यात आहे आणि मंगळवार-शुक्रवार चालू आहेत. आईचं ऑपरेशन मेमध्ये नीट झालं. ट्रंक दिवाळीला उघडली. चिठ्ठ्या आणि फोटो ठेवले, हत्यारं ताईच्या मुलानं मागून घेतली, त्याला ती वापरायची आहेत. पाना मात्र आईनं परत मागितला, कशाला ते सांगितलं नाही.

नफ्याची पैशांपर्यंत जुळवलेली शीट मी एप्रिलमध्ये शेठना दिली. ती त्यांच्या टेबलावर जून उजाडला तरी तशीच होती.

आणि मुक्तानं बारावीनंतर स्वतःची वही काढलीये. कॉलेज, कोर्स, होस्टेल की घर, मानसशास्त्रच की आणखी काही. तिचा सस्पेन्सचा रकाना माझ्यापेक्षा लांब आहे. मी एकदा पेन घेऊन जवळ गेलो तर म्हणाली, “बाबा, तुमचं नाव यात ‘विचारायचं’मध्ये आहे, ‘ठरवणार’मध्ये नाही.”